रिकाम्या पत्त्याचे साठ दिवस

पत्ता परत आल्याची बातमी पुंडलिकरावांना कोणी दिली, हे रुपा उईकेने विचारले नाही. ते आपल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातून तडक आले होते. बाहीला कापसाचे तंतू चिकटलेले होते.

"रिकामा पडून हाय, तं मले देऊन टाक ना. कोनाचं का जाते?"

"रिकामा नाई, राखून ठेवला हाय," रुपा म्हणाली. "अन् भाऊ, तुमचा नंबर सहावा हाय."

आर्वीतल्या या छोट्या इंटरनेट कंपनीत रुपा नऊ वर्षे काउंटरवर बसते. कंपनीकडे इंटरनेटवर बाहेरच्या जगाला दिसणारे बासष्ट पत्ते, म्हणजे आयपी ॲड्रेस, आहेत. घरी सिनेमा पाहणाऱ्याला त्यातला स्वतःचा असा एकही लागत नाही. शंभरेक घरे मिळून एकाच पत्त्यावरून बाहेर पडतात आणि त्यांना ते ठाऊकही नसते. पण परगावी बसून आपल्या अंगणातला जुना कॅमेरा उघडायचा, तर स्वतःचा पक्का पत्ता हवा. या जातीचे पत्ते जगभरातच वाटून संपले आहेत. नवे, लांबलचक पत्ते निघाले, पण लोकांनी भिंतीला ठोकलेले कॅमेरे ते ओळखत नाहीत. त्यामुळे कोणी पत्ता परत केला तरच पुढच्याला मिळतो.

पूर्वी मालक बंडूजी ओळख पाहून पत्ते देत. एकदा त्यावरून काउंटरची काच फुटली. नवी काच बसली त्या दिवशी रुपाने एक कागद लिहिला, खाली बंडूजींची सही घेतली आणि तो काचेला आतून चिकटवला. एका अर्जदाराला एक पत्ता. अर्जाच्या तारखेप्रमाणे नंबर. नंबर सोडता येईल, दुसऱ्याला देता येणार नाही. परत आलेला पत्ता जोडणी बंद झाल्यापासून साठ दिवस कोणालाही मिळणार नाही.

"साठ दिवस," पुंडलिकराव कागद वाचून म्हणाले. "सुतक पाळून राह्यले का पत्त्याचं?"

रुपाने समजावून सांगितले. जुन्या मालकाच्या माणसांना पत्ता सवयीचा असतो. ती दार ठोठावत राहतात. पहिल्या वर्षी तिने एक पत्ता चारच दिवसांत दुसऱ्याला दिला होता. जुन्या घरचा मोबाइल रोज जुनाच पासवर्ड पाठवायचा आणि नव्या मालकाचा कॅमेरा चोर समजून अर्धा तास कुलूप लावून बसायचा, मग खुद्द मालकालाही तो उघडत नसे.

पुंडलिकरावांची अडचण खरी होती. हंगाम तोंडावर आला होता, आणि विमा कंपनीला कापसाच्या गंज्यांवरचे कॅमेरे नागपूरहून पाहायचे होते. ते बंडूजींकडे वळले. कंपनीची सर्वांत मोठी लाइन त्यांच्या जिनिंगची होती. बंडूजींनी काचेवरच्या कागदाकडे पाहिले, आपल्या सहीकडे पाहिले आणि चहा सांगितला.

चार दिवसांनी तानबा आला. यादीत पहिला नंबर त्याचा होता, साडेतीन वर्षांपासून. तो संत्र्याचा ट्रक घेऊन हैदराबादपर्यंत जातो. मागे रानालगतच्या गोठ्यात चाळीस शेळ्या असतात. दिवेलागणीला बिबट्या येतो. तीन शेळ्या गेल्या होत्या, म्हणून वाटेवरूनही गोठ्यातला कॅमेरा पाहता यावा, असे त्याला वाटे. त्याने घडी केलेला अर्ज काचेखालून सरकवला. माझा नंबर पुंडलिकरावांना द्यावा, असे त्यात दुसऱ्या कोणाच्या तरी सुबक अक्षरात लिहिले होते.

"काऊन देता, तानबाभाऊ?"

"द्या लागते, ताई. त्याइच्या गाड्या चालवतो मी."

रुपाने अर्ज परत केला. नंबर देता येत नाही, सोडता येतो, आणि सोडला तर तो दोन नंबरवाल्याकडे जाईल, पुंडलिकरावांकडे नाही, असे तिने सांगितले.

"दोन नंबर कोन हाय?"

तिने रजिस्टर फिरवून त्याच्यापुढे ठेवले. कार्तिक उईके. मागच्या टेबलावरून बंडूजी हसले.

"तुवाच भाऊ नाई का, रुपा? मले वाटलंच, एवढी कडक काऊन होऊन राह्यली."

कार्तिकने आजोबांची गोंडी गाणी संगणकात भरून ठेवली आहेत. गडचिरोलीच्या, छिंदवाड्याच्या नातेवाइकांनी ती घरबसल्या ऐकावीत म्हणून त्याला पत्ता हवा आहे. अर्जाला तीन वर्षे झाली. रुपाच्या हातात बासष्ट पत्त्यांच्या किल्ल्या असताना घरी तिला याबद्दल बरेच ऐकावे लागते.

"हो, भाऊच हाय," ती म्हणाली. मग तानबाकडे वळली. "म्हनून सांगून राह्यली, सोडू नका."

तानबाने थोडा विचार केला. त्याने अर्जाची घडी खिशात घातली आणि पुंडलिकरावांना सांगायला एक वाक्य मिळाल्यासारखा तो निघून गेला. बाई ऐकतच नाही, असे त्याने सांगितल्याचे नंतर कळले. पुंडलिकरावांनी गंज्यांवर दोन चौकीदार ठेवले. लाइन मात्र तोडली नाही.

साठाव्या दिवशी रुपाने परत आलेल्या पत्त्याची नोंद उघडली. जगभरातली यंत्रे रिकाम्या पत्त्यांची दारे चाचपतच असतात. ती गर्दी तिला ओळखू येते. ही थाप वेगळी होती. पुण्याहून, रोज संध्याकाळी सातला, पाच वेळा. एकही दिवस खाडा नाही. पत्ता तानबाला दिला, तर बिबट्याच्या वेळेलाच त्याच्या कॅमेऱ्याला कुलूप लागणार होते.

तिने कागद काढले. पत्ता वासुदेवरावांच्या नावावर होता. बायको, देवकाबाई, वारल्यावर मुलीने त्यांना पुण्याला नेले आणि जोडणी बंद केली. परतीच्या कागदावर सही मुलीची होती, मयुरीची. रुपाने तो कागद स्वतःच्या हाताने घेतला होता. ज्याच्या नावावर पत्ता, त्याची सही तिने घेतली नव्हती. नियमाने पत्ता अजून परत आलेलाच नव्हता. वासुदेवराव नाही म्हणाले, तर तानबाची साडेतीन वर्षे आणखी लांबणार होती.

तिने आधी बंडूजींना आपली चूक सांगितली. मग मयुरीला फोन लावला. मयुरी म्हणाली की बाबांना जोडणी बंद केल्याचे सांगितलेच नाही; त्यांच्या मोबाइलमधून कॅमेऱ्याचे ॲप ती गुपचूप काढून टाकेल. रुपा म्हणाली, तसे नको, फोन त्यांना द्या.

"आर्वीहून बोलता का?" वासुदेवरावांनी विचारले. "आमच्याकडची लाइट केव्हा येईन, बाई? लय दिवस झाले."

"लाइट हाय, काका," रुपा म्हणाली. "तुमची जोडणी बंद केली हाय. मयुरीताईनं."

रोज सातला कॅमेरा का उघडतात, ते मग त्यांनीच सांगितले. मागच्या वर्षी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ते चार महिने पुण्यात होते. तेव्हा देवकाबाई रोज सातला अंगणात कॅमेऱ्यासमोर येत. "त्यातून बोलता येत नव्हतं. नुसती उभी राहे. दिसलं म्हंजे झालं." आता ती नाही, हे त्यांना ठाऊक होते. निदान अंगण दिसेल, एवढेच.

रुपाने सगळे सांगितले. तुमच्या सहीशिवाय पत्ता सुटत नाही. तुम्ही नाही म्हटले तर जोडणी उद्या चालू करू. आणि पुढे एक जण थांबलेला आहे.

"कोन हाय?"

"तानबा म्हनून हाय. शेळ्या हायेत त्याच्या. संध्याकाळी बिबट्या येते."

"किती दिवसाचा थांबला?"

"साडेतीन वर्षं."

"मंग सही कुठं करू, ते सांगा," वासुदेवराव म्हणाले.

त्या संध्याकाळी सातला पुण्याहून एक थाप आली. एकच. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही नाही.

कागद पोस्टाने सहाव्या दिवशी आला. सही थरथरती, पण पूर्ण नावाची होती. रुपाने तारीख तपासली, नंबर तपासला. 'परत करण्याचे कारण' हा रकाना कोरा होता. एक रकाना राहिला तरी अर्ज काचेखालून परत करणारी ती बाई. तिने पेन उघडले, थोडा वेळ धरले आणि टोपण लावले. कागद तसाच फायलीत ठेवला आणि तानबाला फोन लावला.