करंगळीपर्यंतचं अंतर

टाचणीचं टोक करंगळीच्या शेवटच्या पेरावर टेकलं आणि काहीतरी झालं — टोचलं असं नाही, जाड गोधडीवरून कुणी बोट टेकवावं तसं, लांबचं, अस्पष्ट... अंकितानं टाचणी उचलली, पुन्हा टेकवली. पुन्हा तेच. पाच महिने रोज सकाळी करंगळी लाकडासारखी गप्प होती. आज तिनं ओ दिली, आणि अंकिताच्या मनात पहिला विचार आला तो आनंदाचा नव्हता. निलेशला कळता कामा नये.

मनगटातली तुटलेली नस शिवली की तिचा धागा दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर सरकतो, हे तिला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. प्रयोगशाळेत सहा वर्षं तिनं हेच पाहिलं होतं — उंदराच्या चेतापेशीतून फुटणारा धागा, त्याच्या टोकाशी चाचपडणारा इवलासा पंजा. त्या पंजात ॲक्टिनचे तंतू पुढून जोडले जात आणि कोफिलिन नावाचं प्रथिन जुने तंतू मागून कापत असे. ते कापणारं प्रथिन तिनं काढून टाकलं तेव्हा तंतू नुसते साठत गेले, पंजा ताठरला, धागा वाढायचा थांबला. किती आनंद झाला होता तेव्हा! आता ते चित्र आठवलं की ती चिडे. पेशींना कुणाला माफ करावं लागत नाही, पेशींना भाऊ नसतो.

भाऊ — निलेश, बाबांच्या बाराव्यानंतर, इब्रामपूरच्या या घराच्या पडवीत उभा राहून म्हणाला होता, "मेंदवाचा शिकतंस मगे, बापाशीक काय उपेग झालो?" बाबा, गोपाळ, पक्षाघातानं तीन महिने अंथरुणाला खिळून गेले होते आणि ती त्या तीन महिन्यांत दोनदाच आली होती. तो आत वळला तेव्हा उत्तर द्यायला, त्याला अडवायला तिनं पडवीच्या काचेच्या दारात हात घातला, आणि त्यानं दार आपटलं, काच फुटून तिच्या मनगटात घुसली. पाहून आपटलं. मी त्याचे डोळे पाहिलेत... इस्पितळात तो म्हणाला, वाऱ्यानं आपटलं. आईनं अंकिताकडे पाहिलं, आणि अंकितानंही मान हलवली. हो, वारा.

मान हलवली तेव्हाच तिनं ठरवलं होतं, की आता हा हात त्याला रोज दिसू दे. तो तिला दर गुरुवारी इस्पितळात नेई, औषधाच्या बाटलीचं झाकण उघडून देई, आणि ती आकसलेली बोटं त्याच्यासमोर उगाच जास्त वेळ ठेवी. त्याची नजर खाली जाई. ते खाली जाणं तिला जेवणापेक्षा गोड लागे.

दुपारी आई, वत्सला, भात वाढत होती. निलेश अंकिताच्या ताटातल्या पेडव्यांचे काटे काढत होता, एकेक, कपाळाला आठ्या घालून. काढून झाल्यावर त्यानं रोजच्यासारखं तिच्या करंगळीला नखानं हलकं दाबलं.

"कळता गे?"

कळलं. सकाळपेक्षा स्पष्ट.

"नाय," ती म्हणाली.

त्यानं बोट मागे घेतलं. मग ताटाकडे बघत म्हणाला, "आये, ता दार वाऱ्यान नाय आपटला. मीयां आपटलंय."

अंकिताचा चमचा डाव्या हातात थांबला. हे त्यानं आज का बोलावं — हे तर तिचं होतं, तिनं जपून ठेवलेलं, योग्य दिवशी काढायचं...

वत्सलानं भाताचं भांडं खाली ठेवलं. "माका ठावक आसा," ती म्हणाली. "त्या दिसा वारो खंय होतो?"

आई आत आमटी आणायला गेली.

म्हणजे इस्पितळात आईनं तिच्याकडे पाहिलं ते विचारायला नव्हतं, तर गप्प राहा म्हणून... आणि ती राहिली होती. अंकितानं राग शोधला, पाच महिने हाताशी असलेला, नेमका. तो होता, पण समोर बसलेल्या माणसावर नीट बसेना. आईकडे वळे, मग बाबांच्या रिकाम्या खोलीकडे, तिथून तिच्याचकडे. निलेशनं डोळे पुसले, की घाम, आणि पुढच्या पेडव्याचे काटे काढायला घेतले. त्याला सांगावं असं तिला वाटलं. लगेच वाटलं, सांगू नये. आता तर मुळीच नाही. दोन्ही तितकंच खरं होतं, आणि त्या मघाच्या 'नाय'ची चव कडू होती की गोड, हे तिला घास चावताना काही केल्या ठरवता येईना.