पिण्यासारखं

कशेळ्याच्या अलीकडच्या एका गावात चौकातला दिव्यांचा बोर्ड म्हणजे कमलेशचं कर्तृत्व. दिवसा रसायनीच्या कारखान्यात नोकरी, घरी आला की कॉम्प्युटरवर कोड लिहिणं. सरपंच माधवीताई मोबाइलवर मजकूर लिहायच्या, तो बोर्डावर झळकायचा. बोर्ड एका वेळी ऐंशी बाइटच घेई. कमलेशने ऐंशी इंग्रजी अक्षरं पाठवून पाहिली, सगळी उमटली, गडी खूश. मराठी मजकुराच्या शेवटी मात्र कधी कधी चौकोन दिसायचा. गावासमोर ही शोभा नको म्हणून त्याने कोडमध्ये एक ओळ वाढवली: ऐंशीच्या पुढचं कापायचं आणि अर्धवट उरलेलं अक्षर गुपचूप टाकून द्यायचं. चौकोन गेले. ते येतात कशाला, हे बघायचं तेवढं राहून गेलं.

सोमवारी टाकी धुतली. ब्लीचिंग पावडर जास्त पडली, म्हणून माधवीताईंनी लगेच लिहिलं, ‘टाकीमधलं पाणी आज पिण्यासारखं नाही’.

दुपारी कमलेशला फोन आला. त्याची आई सोनुबाई उलट्या होऊन कशेळ्याच्या दवाखान्यात होती. तो धापा टाकतच पोचला.

“आये, बोर्डावर लिवलं व्हतं ना गं?”

“व्हतं की! मी सोता वाचलं. टाकीमधलं पानी आज पिन्यासारखं.”

सोनुबाई साठीत वाचायला शिकली होती. वाचण्यात ती चुकत नसे.

दवाखान्याच्या बाकावरच त्याने लॅपटॉप उघडला आणि मजकुराचे बाइट मोजले. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. मराठीत अक्षराला तीन आणि काना-मात्रेला आणखी तीन. ‘पिण्यासारखं’ आणि पुढची मोकळी जागा धरून एकोणऐंशी झाले. ऐंशीवा ‘नाही’तल्या ‘न’चा, तोही एक तृतीयांश. तो कमलेशच्याच ओळीने टाकून दिला होता. आपण मराठी माणसं नकार शेवटी सांगतो, आणि हा शहाणा शेवटच कापत बसला होता.

“वास येत व्हता रं पान्याला,” सोनुबाई म्हणाली. “पन बोर्ड तू केलेला. म्हनलं, माजंच नाक बिघडलं आसंल.”

कमलेशने ती ओळ तिथंच काढून नवी लिहिली. आता मजकूर मावत नसेल तर बोर्ड काहीच दाखवत नाही, मजकूर माधवीताईंकडे परत जातो.

सोनुबाई चार दिवसांत बरी झाली. पण अजून ती बोर्डासमोर उभी राहते, शेवटचा शब्द मोठ्याने वाचते आणि कमलेशला फोन लावते.

“संपलं का रं, का फुडं आजून काय हाय?”