सवाष्णीचे पाय

मृणालिनीबाईंनी अकरा वर्षं माणसाची कातडी पाहिली ती काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली. त्वचेच्या कॅन्सरवर त्यांचं संशोधन होतं. परदेशी पुस्तकं म्हणत, काळ्या डागाच्या कॅन्सरचं मूळ उन्हात; पाठ बघा, दंड बघा. पण इथल्या रुग्णांचे जे नमुने बाईंकडे येत, त्यांतले बरेच तळपायाचे असत. आणि फार उशिरा आलेले.

"सूर्य वर असतो, बाई. तुम्ही खाली काय बघताय?" विभागप्रमुख नंदकुमार चिडवत.

"ऊन पोचत नाही तिथे हा कसा पोचतो, ते बघतेय," म्हणून बाई चष्मा केसांत खोचत.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्या वही आणि भिंग घेऊन खारदांड्याला जाऊ लागल्या. तिथे अनवाणी मासळी वाळत घालणाऱ्या कोळणींचे तळवे त्यांना तपासायचे होते. बायकांनी हात दाखवले, पाठी दाखवल्या, एकीने हलणारी दाढही दाखवली. पाय म्हटलं की सगळ्या लुगड्याखाली पाय ओढून बसत.

"तुमी शिकलेल्या, वयानं मोठ्या. तुमी आमचे पाय धरनार?" जानकी म्हणाली. "पाप लागंल आमाला." जानकी म्हणेल तसं बाकीच्या वागत.

हीच जानकी डावी टाच उचलून चालायची.

"काटा गेलाय. निघंल," ती म्हणायची. जून सरला, जुलै सरत आला. काटा निघाला नाही. बाईंना आता वहीची आठवणही राहिली नव्हती. समोर दिसायची ती टाच.

श्रावण लागला. अंधेरीच्या घरी सासूबाई, सुलक्षणाबाई, भिंतीवर जिवतीचा कागद चिकटवत होत्या. शुक्रवारी सवाष्णीला जेवायला बोलवायचं, परातीत तिचे पाय धुवायचे, हळदकुंकू लावायचं, ही त्यांची रीत. धुवायचं काम सुनेचं. सून वर्षानुवर्षं लॅबचं निमित्त काढून निसटत आलेली. त्या दिवशी मात्र ती परातीकडे बघत उभीच राहिली.

"आई, या शुक्रवारची सवाष्ण मी बोलावते. पायही मीच धुते."

सासूबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही."

"खारदांड्याची जानकी आहे."

"कोळीण?" सासूबाई कागदाचा कोपरा उगाच दाबत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुरण जास्त घालायला हवं. कष्टाची माणसं ती, तुझ्यासारखी चिमणीएवढं नाही खायची."

जानकी हिरवं लुगडं नेसून, अबोलीचा गजरा माळून आली. परातीत पाय ठेवताना अवघडली, पण पूजेतून पाय मागे घेणार कसा? बाईंनी उजवा धुतला, मग डावा. टाचेवर मसुराएवढा काळा डाग होता, एका कडेने फुटलेला. बाईंनी केसांतला चष्मा डोळ्यांवर घेतला आणि भिंग काढलं.

"बाई, तुमची पूजा लई लांबली."

"हलू नकोस गं."

"जिवतीला भिंग कधीपासून लागायला लागलं?" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

बाईंनी काही लपवलं नाही. काटा नाही, वाईट रोग असू शकतो, लगेच काढला तर पाय वाचेल, तूही. जानकीने पाय वळवून टाच पाहिली. मग म्हणाली, "आदी जेवू द्याल ना?"

चार दिवसांत डाग कापून काढला. नमुना बाईंच्याच टेबलावर आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा पट्टीवरच्या पेशींना नाव होतं. बाईंनी तीनदा पाहिलं, तरी विश्वास बसेना, म्हणून नंदकुमारांना बोलावलं.

"कॅन्सरच आहे. पण वरवरचा, खाली उतरलेला नाही. कडा स्वच्छ." त्यांनी मान वर केली. "इतक्या लवकर कुठे सापडला हो?"

"परातीत," बाई म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी दाराची बेल वाजली. बाहेर पायाला पट्टी बांधलेली जानकी आणि तिच्यामागे ठेवणीतली लुगडी नेसलेल्या सात जणी.

"ह्यांनाबी सवाष्ण म्हनून घ्या. पाय घासून आनलेत," जानकी म्हणाली.

सासूबाईंनी सात जणी मोजल्या आणि आत जाऊन आणखी डाळ शिजत टाकली. दुपारपर्यंत चौदा तळवे वहीत उतरले. सगळे नितळ.

बायका जेवून गेल्यावर बाई परात उचलायला गेल्या, तर सासूबाई खुर्ची ओढून परातीसमोर बसलेल्या. त्यांनी साडी घोट्यापर्यंत वर घेतली आणि दोन्ही पाय परातीत ठेवले.

"सवाष्ण नाही मी आता," त्या म्हणाल्या, "पण पाय आहेत मला."

बाईंनी पाणी बदललं. कोमट घेतलं.