खष्टीच्या अंगात आलं तेव्हा

हंसा पांगतीला नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी बाजारात कुणी भेटलं की तिची नजर आधी गळ्याकडे जाते, मग तोंडाकडे. आता तिथे काही सापडत नाही. पाकिटातलं आयोडीनचं मीठ घरोघर पोचलं आणि पिथौरागढच्या वरच्या गावांतली गलगंडं ओसरली. चांगलंच झालं की! पण कार्तिकातले ते पंधरा दिवस आठवले की तिला अजून हुरहुर लागते.

दरवर्षी तेव्हा गलगंडाच्या ऑपरेशनांच्या शिबिराला खालून, मैदानातून मोठे सर्जन यायचे. गळ्यात पपईएवढी गाठ घेऊन बायका दोन-दोन दिवस चालत यायच्या, सासवांसकट वॉर्डात मुक्काम ठोकायच्या. मग दिवसभर गप्पा, लोकरीचं विणकाम आणि एकमेकींच्या टाक्यांची चौकशी. हंसा वीस खाटांमधून फिरायची. "नाव सांग मोठ्यानं," हे आवाज शाबूत आहे का ते बघायला. "ओठांना, बोटांना मुंग्या येतात का?" हे गळ्यातल्या चार इवल्याशा ग्रंथींसाठी. त्या दुखावल्या की रक्तातलं कॅल्शियम घसरतं, आधी मुंग्या येतात, मग अंग आखडतं.

"दिदी, तेच तेच विचारून तुझा पार पोपट झालाय," बायका चिडवायच्या. तसं हसणं तिला पुढे कुठल्याच वॉर्डात ऐकू आलं नाही.

त्यातल्याच एका वर्षी खष्टी आली. बावीस वर्षांची, सोबत सासू मोतिमा. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हंसा जेवून परतली, तर वॉर्ड चिडीचूप. सगळ्या बायका हात जोडून बसलेल्या. खष्टी खाटेवर ताठ झाली होती. बोटं चोचीसारखी जुळलेली, अंगठा तळव्यात वळलेला, डोळे विस्फारलेले, श्वासाला बारीक शीळ. मोतिमा तिच्यावर तांदूळ टाकत होती.

"सकाळपासून ओठांना मुंग्या येतात म्हणत होती," मोतिमा कौतुकानं म्हणाली. "मी म्हटलं, गप्प राहा, गोल्ल देव येतोय अंगात. नर्सबाईला कशाला सांगायचं?"

हंसा याच डोंगरातली. अंगात आलेलं तिनं लहानपणापासून पाहिलेलं. तिचेही हात आपसूक जुळले. किती वेळ, ते तिला आजही सांगता येत नाही. मग खष्टीचे ओठ निळसर दिसले आणि ती भानावर आली.

"ईजा, बाजूला व्हा," ती मोतिमाला म्हणाली, डोंगरात आईला हाक मारतात तशी.

"देवाला हात लावतेस? भस्म होशील, मेले!"

हंसानं खष्टीच्या कानापुढे, गालावर, बोटानं टिचकी मारली. देवाच्या गालावर! बायका किंचाळल्या. ओठाचा कोपरा झटकन ओढला गेला. पुन्हा टिचकी, पुन्हा तसंच. आता शंका उरली नाही, कॅल्शियमच घसरलं होतं. आयाला तिनं सर्जनना कळवायला ऑपरेशनच्या खोलीकडे पिटाळलं. अशा वेळी द्यायचं इंजेक्शन सर्जननी आधीच लिहून ठेवलं होतं, औषध खाटेशीच होतं. मोतिमानं तिचा दंड पकडला.

"देव असेल तर मला शाप देईल, ईजा," हंसा म्हणाली. "नसेल तर तुमची सून जाईल. सोडा."

मोतिमानं हात सोडला.

दहा मिनिटं लागली. घाई केली असती तर काळीजच थांबलं असतं, म्हणून औषध हळूहळू आत सोडायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं नाडीवर ठेवायची. मग खष्टीचा अंगठा सैल पडला, मग बोटं. शीळ थांबली.

"देव गेला का गं, ब्वारी?" मोतिमानं सुनेला हळूच विचारलं.

खष्टीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "देव नव्हता, ईजा. मी मरत होते. ओरडता येईना. डोळ्यांनी एकेकीला बोलावत होते, आणि तुम्ही सगळ्या हात जोडून बसलात." तिनं मान वळवली. "दिदी, तूसुद्धा."

तिचा आवाज शाबूत होता. हंसाला तोच ऐकवेना.

"हो," ती म्हणाली. "मीसुद्धा."