बोरूंचं निधन, अंक दोनशे बारा

डॉक्टरीणबाईंनी ‘आ करा’ म्हटलं आणि लेखकाने आ केला, तिथेच त्याचं चुकलं. त्याआधी त्याला बोलायला चांगलं एक मिनिट मिळालं होतं. बाहेरच्या बाकावर वाट बघताना टेबलावरच्या गठ्ठ्यातून त्याने ‘कॅप्टन दणका’ या चित्रकथांच्या मासिकाचा ताजा अंक उचलला होता आणि आत येताना तो हातातच राहिला होता. बाईंनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. ‘अय्या, तुम्ही पण वाचता?’ असं त्यांनी विचारलं. लेखकाने नुसती मान हलवली. ‘वाचत नाही, लिहितो’ एवढंच म्हणाला असता, तर पुढचा पाऊण तास टळला असता. पण अठरा वर्षांत त्याला एकही वाचक प्रत्यक्ष भेटला नव्हता. म्हटलं, जरा गंमत बघू. मग सुई टोचली गेली, अर्धी जीभ परक्याची झाली, एका गालात कापूस बसला, दुसरीकडून थुंकी ओढणारी नळी आली, आणि गंमत करायची पाळी बाईंची आली.

दाढ अक्कलदाढ होती. तीन आठवडे तो लवंग चावून वेळ मारून नेत होता. आजही आला नसता, पण त्याला एक काम पुढे ढकलायचं होतं. पाच वाजायच्या आत पुढच्या अंकाचा मजकूर संपादकांना पाठवायचा होता. मजकूर तयार होता, फोनमध्येच होता, फक्त ‘पाठवा’वर बोट टेकवायचं बाकी होतं. त्या मजकुराच्या बाविसाव्या पानावर कॅप्टन दणका मरत होता. खप घसरलाय, मेला तर निदान चार लोक बघायला येतील, असं संपादकांचं म्हणणं. लेखकाने हूं की चूं केलं नव्हतं. गेल्या चार अंकांत काय लिहिलंय ते त्याचं त्यालाच वाचवत नव्हतं. कॅप्टन गेला की आतेभावाच्या कंपनीत वॉशिंग मशीनची माहितीपत्रकं लिहायची, असं त्याने बायकोला सांगूनही टाकलं होतं.

“तुम्हाला म्हणून सांगते,” बाई दिवा ओढून घेत म्हणाल्या, “दोनशे बारापासून या मासिकाचं वाटोळं झालंय.”

“आं,” लेखक म्हणाला.

“नाही का? तुम्हालाही वाटलंच असेल. दोनशे बारामध्ये काय, तर तीन वेगवेगळ्या विश्वांतले तीन कॅप्टन एकत्र येतात. बरं, येऊन करतात काय? चौदा पानं बोलत बसतात! तीन कॅप्टन, आणि अक्कल एकालाही नाही. सिस्टर, नळी जरा आत.”

सिस्टरने नळी आत सरकवली. हे सगळं तिने बऱ्याचदा ऐकलं असावं, कारण ती खिडकीबाहेर बघत होती.

“मग दोनशे तेरा. डॉक्टर काजळीने कॅप्टनला खांबाला बांधलंय, बाजूला बॉम्ब, बॉम्बवर दहा मिनिटं लावलेली. आणि काजळी आपला बेत समजावून सांगतोय. मी ते भाषण घड्याळ लावून मोठ्याने वाचलं. तेरा मिनिटं लागतात. म्हणजे बोलता बोलता तो स्वतःच उडायला हवा. लिहिणाऱ्याने एकदा तरी वाचून बघायचं की नाही?”

लेखकाने डोळे मिटले. वाचून बघितलं नव्हतं, हे खरंच होतं. ते भाषण त्याने शब्द भरायचे म्हणून भरलं होतं.

“दुखतंय?” बाईंनी विचारलं.

“ऊं.”

“दुखायला नको. अजून भूल देते. तर ताजा अंक. लोखंडी राक्षस याच्या जबड्यावर ठोसा मारतो, आणि पुढच्याच चौकटीत हा हसतोय. मी दात मोजले. छत्तीस! माणसाला बत्तीस असतात हो. ठोसा खाऊन चार वाढले!”

ते चित्रकाराचं काम, माझं नव्हे, असं सांगायला लेखकाची जीभ धडपडली आणि कापसात जाऊन पडली. तोंड असं सताड उघडं आणि ब्र काढायची सोय नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घालून पोट भरणाऱ्याला यापेक्षा वाईट शिक्षा कुठल्या न्यायाधीशाने दिली नसती.

बाईंनी चिमटा उचलला, पण तो तोंडात न घालता हवेतच धरला. आवाज उतरला.

“मला कारण माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “बोरू गेले.”

‘बोरू’ हे लेखकाचं टोपणनाव. पहिल्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याच्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरात ते छापलं जाई. ते कुणी वाचत असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

“नाव अजून तेच छापतात, पण मला फसवणार? दोनशे अकरापर्यंत लिहिणारा माणूस वेगळा. हा दुसराच कुणीतरी आणून बसवलाय. लोकांना कळू नये म्हणून गाजावाजा केला नाही. मी पत्र पाठवलं मासिकवाल्यांना, बोरूंच्या निधनाबद्दल दुःख झालं म्हणून. उत्तर काय आलं ठाऊक आहे? ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.’ हे बघा! नाकारलं का? नाही नाकारलं.”

लेखकाच्या घशात काहीतरी अडकलं आणि ते हसू आहे की थुंकी, हे नळीलाही कळेना.

“आम्ही इथे दोन मिनिटं शांतता पाळली. सिस्टरनेही पाळली.”

“पाळली,” सिस्टर खिडकीकडे बघत म्हणाली. “पेशंट तर गप्पच होता.”

आता मात्र लेखकाला राहवेना. स्वतःच्या मयताला बोलावणं न येता हजर राहायचं म्हणजे किती राहायचं! त्याने नळी बाजूला सारली, छातीवर हात आपटला आणि उरलेल्या अर्ध्या जिभेने सगळा जोर लावून सांगितलं, “ई हिवंत आए!”

“हिव भरलंय? सिस्टर, एसी बंद करा आधी. आणि यांच्या अंगावर काहीतरी घाला.”

सिस्टरने त्याच्या छातीवर एक जाड चादर टाकली आणि हात आत खोचले. तेवढ्यात बाईंनी दाढ धरली, मनगट फिरवलं, कड् असा आवाज झाला आणि अठरा वर्षांच्या कारकिर्दीत प्रथमच लेखकाच्या पदरात काहीतरी ठोस पडलं. बाईंनी दाढ थाळीत टाकली आणि जणू मध्ये काही घडलंच नव्हतं अशा बोलत राहिल्या.

“मला कशावरून कळलं सांगू? मावशीचा फोन बंद झाला.”

लेखक चादरीखाली एकदम स्थिर झाला.

“कॅप्टनला लहानाचं मोठं करणारी मावशी. प्रत्येक अंकात तिचा फोन यायचा. तिला बिचारीला ठाऊकच नाही की आपला पोरगा कॅप्टन दणका आहे. हा एका हाताने हेलिकॉप्टरला लोंबकळतोय, खाली समुद्र, आणि दुसऱ्या हातात फोन. ती ‘हॅलो’ म्हणायची नाही. थेट ‘ऐक.’ म्हणे, ‘ऐक. गॅसची नळी बदलायची तारीख उलटली का बघ.’ आणि हा म्हणणार, ‘जरा कामात आहे, मावशी.’ माझे मिस्टर गेले तेव्हा महिनाभर मी दुसरं काही वाचलं नाही हो. नुसते ते फोन वाचायचे. कुणीतरी रोज विचारतंय असं वाटायचं.” बाईंनी कापसाची नवी घडी त्याच्या दाताखाली दाबली. “असं लिहिणारा माणूस स्वतःहून ते थांबवणार नाही. त्या लिखाणात कुणीतरी मेलंय. घट्ट चावून धरा.”

लेखकाने चावून धरलं. मावशीचा एकही फोन त्याने मनाने रचलेला नव्हता. ते सगळे त्याच्या आईचे होते. रोज दुपारी, नेमका तो लिहायला बसला की, ‘ऐक’ म्हणून सुरू व्हायचे आणि निरोपही न घेता खाडकन बंद व्हायचे. तो वैतागायचा, ‘कामात आहे गं’ म्हणायचा आणि फोन ठेवला की तेच उतरवून काढायचा. दोनशे अकरावा अंक छापायला गेला त्याच्या चौथ्या दिवशी आई गेली. त्यानंतर दुपारी फोन वाजला नाही आणि मावशी काय बोलेल ते त्याला सुचेना. म्हणून त्याने तीन कॅप्टन आणले, बॉम्ब आणला, लोखंडी राक्षस आणला. चार महिने तो स्वतःला सांगत होता की आपण कंटाळलोय. कंटाळा कसला, रडायचं राहिलं होतं.

खुर्ची सरळ झाली. बाईंनी औषधं लिहायचा कागद पुढे ओढला. “तासभर बोलायचं नाही. काही विचारायचं असेल तर इथे लिहा.”

पेन हातात आलं तरी लेखक थांबला. गप्प बसला तर तो या बाईंसाठी कायमचा थोर आणि स्वर्गवासी राहणार होता. लिहिलं तर जिवंत, आणि चार भिकार अंकांचा गुन्हेगार. त्याने लिहिलं, ‘बोरू मीच.’

बाईंनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. त्यांचा हात तोंडावर गेला, डोळे भरून आले, आणि क्षणभर लेखकाला वाटलं की आता या आपल्या पाया पडतात की काय. मग त्यांच्या कपाळावर आठी चढली.

“थांबा. तुम्ही गेला नाहीत.”

लेखकाने मान हलवली.

“मग ते तेरा मिनिटांचं भाषण कुणी लिहिलं?”

लेखकाने बोट स्वतःकडे वळवलं.

“तीन कॅप्टन?”

बोट तिथेच राहिलं.

“अहो, लाज नाही वाटत?” बाई कडाडल्या. “आम्ही इथे शांतता पाळतोय!” सिस्टर खिडकी सोडून पहिल्यांदाच वळून बघायला लागली. बाहेरच्या बाकावरचा पेशंट उठून उभा राहिल्याचं दारातून दिसलं.

लेखकाने कागद परत ओढून घेतला आणि खाली लिहिलं, ‘फोन माझ्या आईचे होते. ती गेली.’

बाईंनी ती ओळ वाचली आणि कागद खाली ठेवला.

“मी म्हटलं होतं ना,” त्या हळूच म्हणाल्या, “कुणीतरी गेलंय.”

लेखक बाहेर येऊन बाकावर बसला. त्याने फोन उघडला आणि बाविसावं पान काढलं. कॅप्टन दणका ढिगाऱ्याखाली पडला होता, छातीवर तुळई होती, डोळे मिटत होते. लेखकाने कॅप्टनच्या खिशातला फोन वाजवला.

‘ऐक.’

एवढं टाइप करून तो थांबला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला तो आवाज जसाच्या तसा आला, किंचित रागावलेला, मागे नळ सुरू असलेला.

‘ऐक. तू कुठे पडलायस? आवाज जमिनीवरून आल्यासारखा येतोय.’

‘जरा कामात आहे, मावशी.’

‘काम होईल. फरशी गार असते, पाठ धरेल. आधी ऊठ.’

बधिर गालावरून पाणी ओघळत होतं, पण ते त्याला जाणवत नव्हतं. पुढच्या पेशंटला बोलवायला बाई दारात आल्या होत्या. त्या वाकून त्याच्या फोनमध्ये बघायला लागल्या, ते त्याला दिसलं. त्याने फोन थोडा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी ते सगळं वाचलं.

“उठतो का तो?” त्यांनी विचारलं.

लेखकाने खांदे उडवले. अजून तिथवर पोचायचं होतं.

“सिस्टर,” बाईंनी आत आवाज दिला, “यांच्या नंतरच्यांना दहा मिनिटं थांबायला सांगा.” आणि त्या ॲप्रन सावरून त्याच्या शेजारी बाकावर बसल्या. “लिहा तुम्ही. मी आहे इथे.”