ड्रायव्हरला गाडी लागत नाही

निरवांगीची म्हाळसा ट्रॅक्टर चालवायला लागून चार वर्षं झाली होती. नांगरट म्हणा, सरी म्हणा, उसाची भरली ट्रॉली अरुंद बांधावरून मागं घेणं म्हणा, तिच्या हाताखाली स्टिअरिंग कधी रुसलं नाही. म्हणून बारामतीजवळच्या केंद्रात ऊस तोडायचं मोठं यंत्र शिकवायला बारा जण निवडले, त्यात आपण एकटीच बाई, याचं तिला काही नवल वाटलं नाही. नवल बाकीच्या अकरांना वाटलं.

खरं यंत्र नवख्याच्या हाती कोण देतं? आधी खोट्यावर बसायचं. खोलीत एक खुर्ची, हाताशी दोन दांडे, पायाशी पॅडल. डोळ्यांवर डबीसारखा चष्मा चढवला की समोर हिरवागार फड उभा राही आणि दांडा रेटला की तोच फड अंगावर चालून येई. खुर्ची मात्र जागची तसूभर हलत नसे. डोळे म्हणत चाललोय, पाठ म्हणे बसलोय, आणि या दोघांच्या भांडणात पोट सापडे.

ते सापडणं मोजायला योगिनी मॅडम होत्या. दर मिनिटाला त्या विचारत, "गाडी लागल्यासारखं वाटतंय का? किती?" शून्य म्हणजे काही नाही, वीस म्हणजे आता ओकारी. दहाच्या वर आकडा गेला की खेळ बंद, आणि दोनदा गेला की यादीतून नाव कमी, असा नियमाचा कागदच केंद्राच्या भिंतीवर लावला होता.

सोमवारी अकरा बाप्यांनी शून्याखेरीज दुसरा आकडा उच्चारला नाही. म्हाळसा नवव्या मिनिटाला "बारा" म्हणाली. होतं तेवढं म्हणाली.

डाळजचा हिंदुराव वीस वर्षं ट्रकवर काढलेला गडी. त्यानं बाकावरूनच विचारलं, "उबी गाडी लागली व्हय, म्हाळसाबाई?"

सगळे हसले. तीही हसली, कारण बोलणं खरंच झकास होतं. मग चहाच्या वेळी हिंदुरावानंच तिला हळूच बाजूला घेऊन समजावलं, की गुरुवारी खुर्चीवर बसायची तिची दुसरी पाळी, तेव्हा शून्य म्हणावं आणि मोकळं व्हावं, यंत्र काय कुणाच्या पोटात वाकून बघतं? त्याच्या मनात माया होती. पण म्हाळसाला ते पटेना.

बुधवारी पाळी बाकीच्यांची होती. ती बाकावर बसून बघत राहिली. तिचा सासरा आबाजी पूर्वी मेंढरं राखायचा. चाऱ्यासाठी कळप टेंपोत घालून लांब न्यायचा, तेव्हा कुठलं मेंढरू घाटात कोलमडणार, हे तो आधीच ओळखायचा. मुक्या जिवाला किती म्हणून विचारता येत नाही, तो सांगायचा, गळ्याकडं बघायचं. लाळ सुटली की गळा सारखा हलतो.

खुर्चीत बसलेल्या गेणूचा गळा पहिल्या मिनिटाला एकदा हलला. नवव्या मिनिटाला आठदा. तोंड मात्र म्हणालं, "शून्य." म्हाळसानं वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढल्या. हिंदुरावानं भरदिवसा सात जांभया दिल्या, ओठांभोवती पांढरा पडला, आणि म्हणाला, "शून्य." बाहेर गेल्यावर गेणू किक न मारता मोटारसायकलवर डोळे मिटून किती तरी वेळ नुसता बसून होता.

संध्याकाळी तिनं वही योगिनी मॅडमपुढं ठेवली. मॅडम थोड्या हिरमुसल्या. पुण्याहून आलेल्या प्रश्नांच्या कागदावर 'मळमळ' असा शब्द होता, तो त्यांनी स्वतः काढून, गावच्या माणसाला कळावं म्हणून 'गाडी लागल्यासारखं' असं घातलं होतं. आणि आकडे असेच शून्य राहिले, तर सोमवारपासून प्रत्येकाला सलग तासभर बसवायचं ठरलं होतं.

"शबुद कळतो हो समद्यांना," म्हाळसा म्हणाली. "पण गाडी लागती ती पाशिंजरला. ड्रायव्हर तसं म्हणाला, तर त्याच्या हातात गाडी कोण दील?"

"मग काय विचारू, म्हाळसाताई?"

"पोटात कालवतंय का, असं इचारा. ते उन्हानं बी होतं, शिळ्या भाकरीनं बी होतं. त्यात कुणाची इज्जत जात न्हाय."

"आणि तुम्ही का खरं सांगितलंत? तुमचं तर नाव जाईल."

"आयल संपल्यालं असताना काट्यानं भरल्यालं दावलं, तर इंजिन बसतं मॅडम. तुमचा काटा आमीच हाय."

मॅडमनी लगेच खोलीतल्या कॅमेऱ्याचं बुधवारचं चित्रण लावलं आणि गळे मोजले. एखाददुसरी रेघ इकडंतिकडं, बाकी वही बरोबर होती.

गुरुवारी प्रश्न बदलला आणि सगळ्यांनाच पुन्हा बसवलं. पहिला हिंदुराव. पाचव्या मिनिटाला त्यानं "सहा" म्हटलं. आठव्याला म्हणाला, "अकरा. सकाळचं पोहं तेलकट होतं." कुणी हसलं नाही. पोहे सगळ्यांनीच खाल्ले होते. दुपारपर्यंत अकरांतले आठ जण दहाच्या वर गेले.

केंद्राचे प्रमुख आप्पासाहेब आकडे ऐकून खाली आले. मॅडमनी त्यांना सांगितलं, की माणसं कच्ची नाहीत, मिनिटं जास्त आहेत. आठ मिनिटं बसवून वाऱ्याला सोडलं, परत बसवलं, तर अंग हळूहळू शिकतं. आप्पासाहेब हो म्हणेनात, नाहीही म्हणेनात. नियम अजून भिंतीवर होता आणि खुर्चीत म्हाळसा होती.

फड अंगावर आला. तिनं यंत्र सरळ रेषेत धरलं, वळणावर पातं उचललं, पुन्हा टेकवलं. कपाळावर घाम आला. शून्य म्हणायला एक श्वास पुरला असता.

"किती?"

"अकरा," ती म्हणाली.

आप्पासाहेबांनी दारातून विचारलं, "खरंच होतंय, का मॅडमनी पढवलंय?"

चष्मा न काढता म्हाळसानं मान वर केली. "गळा मोजा की."

आप्पासाहेबांनी जवळ येऊन मिनिटभर तिचा गळा मोजला. मग त्यांनी नाव कमी करायचा कागद भिंतीवरून उतरवला आणि मॅडमना म्हणाले, की आठ मिनिटांची पाळी उद्यापासून नको, आत्तापासूनच लावा.

म्हाळसा बाहेर आली. कडुनिंबाखालच्या बाकावर आठ ड्रायव्हर वाऱ्याकडं तोंड करून गुमान बसले होते. हिंदुरावानं सरकून जागा केली. ती बसली, दोन घोट पाणी प्याली, आणि दाराशी आलेल्या मॅडमना म्हणाली,

"फुडच्या पाळीला पयलं नाव माजं लिवा."