रिकामी खाच

मिस्त्रिणीने खिळ्यांची पट्टी ओढून बाहेर काढली, हवेची नळी जोडलेली नाही ना हे पुन्हा एकदा पाहिलं आणि मगच बंदूक टेबलावर आडवी ठेवली. समोर सुताराची बायको हाताची घडी घालून उभी होती.

"माझ्यासमोर उघडा," ती म्हणाली. "सगळं मला दिसलं पाहिजे."

खिळे ठोकायची हीच बंदूक मिस्त्रिणीने दोन महिन्यांपूर्वी दुरुस्त करून दिली होती. सोमवारी सुतार ती घेऊन शिडीवरून उतरत होता, तेव्हा ती अचानक सुटली आणि बोटभर लांबीचा खिळा त्याच्या डाव्या तळव्यातून आरपार गेला. तो अजून दवाखान्यातच होता. दोन बोटं वळत नव्हती.

"मुकादम म्हणतात, चूक दुरुस्ती करणारीची. तसं लिहून द्या म्हणतात."

"आधी बघू तरी."

आवाज शांत होता, पण पेचकस पहिल्याच स्क्रूवरून घसरला. बावीस वर्षांत तिच्या कामाला कुणी नावं ठेवली नव्हती.

तिने चाप तपासला. ठीक होता. मग बंदुकीचं पुढे आलेलं नाक अंगठ्याने आत दाबलं आणि सोडलं. ते आतच राहिलं.

"हे नाक लाकडावर दाबल्याशिवाय खिळा सुटत नाही," ती म्हणाली. "लाकडावरून उचललं की ते आपणहून बाहेर यायला हवं. आलं नाही. म्हणजे नुसतं चापाला बोट लागलं तरी सुटणार."

"का नाही आलं?"

मिस्त्रिणीने चार स्क्रू सोडवले, झाकण काढलं. फुंकर मारली, बॅटरीचा उजेड पाडला, पेचकसाचं टोक आत फिरवलं. नाकामागची खाच रिकामी होती.

दुरुस्तीच्या दिवशी तीन कामं अंगावर होती, वीज सारखी ये-जा करत होती, उभ्या उभ्या दोन घास खाल्ले होते. आतलं रबर बदललेलं आठवत होतं. फळीवर खिळा मारून पाहिलेलंही आठवत होतं. नाक बाहेर येतं की नाही, ते पाहिलं होतं का? किती डोकं खाजवलं तरी ते आठवेना.

साइटवर बंदूक दहा हातांतून जाते, कुणी काय केलं कुणास ठाऊक. हे वाक्य तिच्या अगदी जिभेवर आलं. तिने पेचकस खाली ठेवला.

"इथे स्प्रिंग असते. ती नाही. रबर बदलताना हा भाग मीच उघडला होता. परत बसवली की नाही, हे छातीठोकपणे नाही सांगता येत मला. राहिली असेल, तर चूक माझी. तसं लिहून देते."

सुताराची बायको वाकून त्या खाचेकडे पाहत राहिली. पंखा कुरकुरत होता. मिस्त्रिणीने कागद शोधायला ड्रॉवर उघडला.

तेव्हा सुताराच्या बायकोने पर्समधून गाठ मारलेला रुमाल काढला, सोडला आणि आतली वस्तू टेबलावर ठेवली. पेराएवढी स्प्रिंग.

"कपडे भिजवताना सापडली. यांच्या कामाच्या पँटच्या खिशात."

मिस्त्रिणीने ती उचलून उजेडात धरली. एका टोकाला पकडीचे दात उमटले होते.

"दर खिळ्याला नाक दाबत बसलं तर काम कधी उरकायचं, असं म्हणाले होते एकदा जेवताना. मी नुसतं हूं केलं."

"मग माझ्याकडे का आलात?"

"तुम्ही हात झटकाल असं वाटलं होतं," ती म्हणाली. "झटकले असते, तर दोष तुमच्यावर टाकणं मला सोपं गेलं असतं."

मिस्त्रिणीने ड्रॉवरमधून कागदाऐवजी नवी स्प्रिंग काढली आणि खाचेत बसवली. नाक दाबलं, सोडलं. टक्. पुन्हा दाबलं, सोडलं. टक्.

"मुकादमाला काय सांगणार?"

"खरं तेच. पण आधी घरात बोलावं लागेल. त्यांना वाटतंय, मला काही माहीत नाही."

मिस्त्रिणीने झाकण लावून स्क्रू आवळले. सुताराची बायको पुढे झाली. दोन्ही हातांनी तिने बंदूक उचलली, तेव्हा तिचे खांदे किंचित खाली आले.

"डॉक्टर म्हणाले, हाताला निदान चार महिने काम नाही," ती म्हणाली. "ही धरायची कशी, ते दाखवा मला."